गाण्यांच्या कुंडल्या : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाला सुरुवात. गाजलेल्या इंग्रजी गाण्यांचा संग्रह करायचा, प्रत्येक गाण्याला एक कार्ड. गाणं कोणी लिहिलं, आधी कोणी गायलं, कशामुळे उचललं गेलं आणि अमेरिकेच्या व ब्रिटनच्या क्रमवारीत कुठवर चढलं, एवढं कार्डावर आलं पाहिजे. मजकूर माझ्याकडे, डेटाबेस भाचीकडे. तिने बसल्या बसल्या रकाने आखले: शीर्षक, गायक, वर्ष, सर्वोच्च क्रमांक, किती आठवडे. "मामा, एका गाण्याला एक ओळ. यात अवघड काय आहे?"

म्हणून मुद्दाम अवघड गाणं पहिलं घेतो.

९ जानेवारी

पहिलं कार्ड: 'रॉक अराउंड द क्लॉक', बिल हेली आणि त्याचे कॉमेट्स.

वर्षाच्या रकान्यातच अडलं. ध्वनिमुद्रण (पुढे नुसतं 'मुद्रण') १२ एप्रिल १९५४ चं, न्यूयॉर्कमधलं. ते बाजारात आलं तेव्हा तबकडीच्या मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूला 'थर्टीन विमेन' नावाचं गाणं होतं. मागच्या बाजूची गाणी म्हणजे भरती. जेमतेम एक आठवडा ते 'बिलबोर्ड'च्या यादीत २३ व्या क्रमांकावर दिसलं आणि नाहीसं झालं. त्याआधी सनी डे नावाच्या गायकाने आपल्या वाद्यवृंदासह ते गाऊन पाहिलं होतं, तेही चाललं नव्हतं.

मग मार्च १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' हा चित्रपट आला. बेशिस्त पोरांच्या शाळेची गोष्ट, आणि श्रेयनामावलीवर हेच गाणं. चित्रपटगृहाच्या ध्वनिक्षेपकातून एवढ्या मोठ्या आवाजात हे संगीत पोरांनी पूर्वी ऐकलंच नव्हतं. जुलै १९५५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आठ आठवडे तिथून हललं नाही. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी जानेवारीत १७ व्या क्रमांकाला शिवून ते परतलं होतं, नोव्हेंबरात पहिलं आलं आणि तिथे दहा लाखांवर खपलेलं पहिलं सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी विकली जाणारी सुटी तबकडी, ठरलं. पुढे १९७४ मध्ये 'हॅपी डेज' या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला ते वाजू लागलं आणि अमेरिकी यादीत पुन्हा ३९ व्या जागेपर्यंत आलं.

तेच मुद्रण, सूरही न बदललेला. भाचीच्या 'वर्ष' रकान्यात काय घालायचं? आणि 'सर्वोच्च क्रमांक' लिहायचा तो कुठल्या यादीतला? १९५५ मध्ये 'बिलबोर्ड'च्या एकाच अंकात एकाहून जास्त याद्या असायच्या.

१० जानेवारी

त्या याद्यांचा उलगडा आधी करून ठेवतो, पुढे सतत लागणार आहे.

'बिलबोर्ड' साप्ताहिकाने विकलेल्या तबकड्यांची देशव्यापी यादी जुलै १९४० मध्ये सुरू केली. पहिल्या यादीत अव्वल होता टॉमी डॉर्सीचा वाद्यवृंद, गायकांत तरुण फ्रँक सिनात्रा. पन्नाशीच्या दशकात तीन वेगवेगळी मोजमापं चालत: दुकानांत काय खपलं, रेडिओवरच्या निवेदकांनी काय वाजवलं, आणि ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोकांनी काय ऐकलं. ही तिन्ही माणसं वेगळी आहेत. तबकडी विकत घेणाऱ्याकडे पैसे आणि घरात ग्रामोफोन हवा. निवेदक स्वतःच्या आवडीने वाजवायचा, आणि कधी कधी पाकीट मिळालं म्हणूनही. त्या लाचखोरीची १९६० च्या सुमारास संसदेच्या समितीपुढे जाहीर चौकशी झाली. ज्यूकबॉक्सपाशी पोरं उभी असायची, आणि ज्या गाण्यांना रेडिओवाले हात लावत नसत ती तिथे बिनदिक्कत वाजायची.

ज्यूकबॉक्सची यादी १९५७ मध्ये बंद झाली. ४ ऑगस्ट १९५८ ला विक्री आणि रेडिओ एकत्र करून 'हॉट हंड्रेड' निघाली, पहिला मान रिकी नेल्सनच्या 'पुअर लिटल फूल'चा. आज कोणी "अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर" म्हणतो तेव्हा त्याला हीच यादी अभिप्रेत असते. तिच्या आधीच्या गाण्यांबद्दल तसं म्हणताना कुठली यादी ते सांगणं भाग आहे. एल्विस प्रेस्लीची १९५६ ची दुहेरी तबकडी 'हाउंड डॉग' आणि 'डोन्ट बी क्रुएल' अकरा आठवडे पहिली होती, हे खरं, पण हॉट हंड्रेडमध्ये नाही. ती यादी तेव्हा जन्मलीच नव्हती.

नवा रकाना: 'यादी'. भाचीने कुरकुर न करता घातला.

१४ जानेवारी

ब्रिटनचं याहून गमतीचं.

तिथे १९५२ पर्यंत लोकप्रियता मोजायची ती छापील स्वरलिपीच्या खपावरून, म्हणजे घरी पियानोवर वाजवायला किती लोकांनी कागद नेला यावरून. पर्सी डिकिन्स हा 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मधला माणूस. त्याने वीसेक दुकानांना फोन लावले, सर्वांत जास्त खपणाऱ्या दहा तबकड्या विचारल्या आणि गुण देऊन बेरीज केली. १४ नोव्हेंबर १९५२ ला 'पहिले बारा' छापून आले. बरोबरीमुळे बारा जागांत पंधरा गाणी बसवावी लागली. अव्वल अल मार्टिनोचं 'हिअर इन माय हार्ट', नऊ आठवडे. वीस फोनांच्या जोरावर राष्ट्रीय क्रमवारी! पण जाहिराती मिळाल्या, खप वाढला आणि इतर साप्ताहिकांनीही आपापल्या याद्या काढल्या.

परिणाम 'प्लीज प्लीज मी'च्या कार्डावर दिसतो. १९६३ च्या सुरुवातीला बीटल्सचं हे गाणं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मध्ये पहिलं होतं आणि 'मेलडी मेकर'मध्येही पहिलं होतं. 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी पत्रात मात्र दुसऱ्यावर अडकलं. पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी १९६० ते १९६९ या काळासाठी 'रेकॉर्ड रिटेलर'ची यादीच प्रमाण धरली. त्या काळी त्या यादीला वाचक सगळ्यांत कमी होते, पण ती पन्नास गाण्यांची होती, लांब होती, म्हणून संदर्भाला सोयीची. बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या २७ गाण्यांचा संग्रह २००० मध्ये निघाला तेव्हा हे गाणं त्यात घेतलं नाही. ज्यांनी १९६३ मध्ये पेपर उघडून "पहिला नंबर" वाचला होता त्यांना काय वाटलं असेल?

कार्डावर दोन्ही लिहितो. प्रमाण मानलेला आकडा आधी, त्या वेळी लोकांनी वाचलेला आकडा त्याखाली.

फेब्रुवारी १९६९ पासून एका बाजार-संशोधन संस्थेकडे काम गेलं, दुकानदार नोंदवह्या भरून पाठवू लागले. १९८३ पासून गॅलप या सर्वेक्षण संस्थेने दुकानांत इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवली. तिथून पुढे आकडे बऱ्यापैकी ठाम.

२१ जानेवारी

४ एप्रिल १९६४ ची हॉट हंड्रेड. पहिले पाचही क्रमांक बीटल्सचे, आणि यादीत एकूण बारा गाणी त्यांची. हा विक्रम सगळ्यांना पाठ असतो. पाच तबकड्यांवर कंपन्यांची नावं चार आहेत, हे मात्र फार कमी जणांना माहीत.

'कान्ट बाय मी लव्ह' कॅपिटलचं, 'ट्विस्ट अँड शाउट' टॉलीचं, 'शी लव्ह्ज यू' स्वॉनचं, 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' पुन्हा कॅपिटलचं, 'प्लीज प्लीज मी' व्ही-जेचं. टॉली ही व्ही-जेचीच उपशाखा. कारण असं की कॅपिटल ही बीटल्सच्या ब्रिटिश कंपनीची अमेरिकी शाखा असूनही तिने १९६३ मध्ये ही गाणी नाकारली. मग ती लहान कंपन्यांकडे गेली आणि पडली. 'शी लव्ह्ज यू' ब्रिटनमध्ये धुमाकूळ घालत असताना अमेरिकेत सप्टेंबर १९६३ मध्ये निघालं आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. डिसेंबरच्या शेवटी कॅपिटलने जोर लावला, १ फेब्रुवारी १९६४ ला 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' पहिलं आलं. लगेच या लहान कंपन्यांनी कपाटातला जुना माल बाहेर काढला. एकाच कंपनीच्या हातात सगळं असतं तर तिने गाणी एकामागून एक, अंतर ठेवून सोडली असती. पाचही जागा एका आठवड्यात भरल्या याचं निम्मं श्रेय आधीच्या नकाराला आहे.

ही माहिती कुठल्याच रकान्यात बसत नाही. 'पार्श्वभूमी' नावाचा मोकळा मजकूर ठेवला आहे, तिथे घातली.

२९ जानेवारी

'अनचेन्ड मेलडी'. एका गाण्याला एक ओळ हा नियम इथे मोडला.

१९५५ च्या 'अनचेन्ड' या तुरुंगपटासाठी अॅलेक्स नॉर्थने चाल दिली, हाय झॅरेटने शब्द लिहिले. चित्रपट विसरला गेला. अख्ख्या गाण्यात 'अनचेन्ड' हा शब्द नाही, नाव चित्रपटामुळे चिकटलं. तेव्हाची रीत अशी की एक गाणं बाजारात आलं की महिन्याभरात चार-पाच गायक ते गाणार. १९५५ च्या वसंतात ब्रिटनच्या पहिल्या विसांत याच गाण्याच्या चार आवृत्त्या एकाच वेळी होत्या: अल हिब्लर, लेस बॅक्स्टर, जिमी यंग आणि पियानोवाला लिबराची. त्यांतली जिमी यंगची पहिली आली.

दहा वर्षांनी रायचस ब्रदर्स. नाव दोघांचं, पण गायला एकटा बॉबी हॅटफिल्ड. हेही आधी मागच्या बाजूचंच गाणं, पुढच्या बाजूला 'हंग ऑन यू'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेत चौथं आलं.

१९९० मध्ये 'घोस्ट' चित्रपटात कुंभाराच्या चाकापाशी ते वाजलं. पुढचं मी दोनदा तपासून घेतलं, कारण वाचताना छापण्यातला घोळ वाटतो. जुनं मुद्रण रेडिओवर जोरात, पण त्याचं सिंगल दुकानात नीट मिळेना. ही फट पाहून रायचस ब्रदर्सनी दुसऱ्या कंपनीसाठी गाणं नव्याने गाऊन दिलं, आणि ते दुकानात मिळत होतं. मग हॉट हंड्रेडमध्ये एकाच जोडीचं एकच गाणं दोन जागी दिसू लागलं. जुनं १३ पर्यंत गेलं, मुख्यतः रेडिओच्या बळावर. नवं १९ पर्यंत, विक्रीच्या बळावर. म्हणजे लोक ऐकत होते एक मुद्रण आणि घरी आणत होते दुसरं. दोन्ही आकडे एकाच नावावर पडले असते तर गाणं कितीतरी वर गेलं असतं. ब्रिटनमध्ये असा दुभंग नव्हता, तिथे जुनंच मुद्रण पहिलं आलं आणि त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल ठरलं.

आणि ब्रिटनमध्येच पुढे १९९५ मध्ये रॉबसन आणि जेरोम या दोन अभिनेत्यांनी, २००२ मध्ये गॅरेथ गेट्स या स्पर्धेतून आलेल्या मुलाने ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. यंग, रायचस, रॉबसन-जेरोम, गेट्स: चार आवाज, चारही अव्वल.

भाचीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "मग गाणं वेगळं आणि मुद्रण वेगळं. दोन तक्ते करते. तिसरा तक्ता क्रमवारीतल्या प्रत्येक फेरीचा." तेच हवं होतं. एका गाण्याची अनेक मुद्रणं, एका मुद्रणाच्या अनेक फेऱ्या. हेलीचं कोडंही त्यात सुटलं.

५ फेब्रुवारी

नव्या रचनेवर 'आय विल ऑलवेज लव्ह यू' बसवून पाहिलं. छान बसलं.

गायिका डॉली पार्टनने ते लिहिलं ते गायक पोर्टर वॅगनरचा निरोप घेण्यासाठी. त्याच्या टीव्ही कार्यक्रमातून ती पुढे आली, आता तिला स्वतःची वाट धरायची होती. १९७४ मध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या, यादीत पहिलं. एल्विसला ते गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने, कर्नल पार्करने, प्रकाशन हक्कातला अर्धा वाटा मागितला. डॉलीने नकार दिला. रात्रभर रडले, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. १९८२ मध्ये एका चित्रपटासाठी तिने ते पुन्हा गायलं आणि कंट्री यादीत ते पुन्हा पहिलं आलं.

१९९२, 'द बॉडीगार्ड'. व्हिटनी ह्यूस्टनसाठी आधी वेगळंच गाणं ठरलं होतं, पण ते नुकतंच दुसऱ्या चित्रपटात येऊन गेलं होतं. चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरने हे सुचवलं, आणि सुरुवात वाद्यांशिवाय व्हावी हा आग्रहही त्याचाच. कंपनीवाल्यांना भीती की साथीशिवायचं गाणं रेडिओ वाजवणार नाही. चौदा आठवडे हॉट हंड्रेडमध्ये पहिलं. अर्धा वाटा न दिल्याचा निर्णय त्या आठवड्यांत डॉलीला किती फळला असेल, ते सांगायला नको.

चौदा आठवडे या आकड्याकडे मात्र नीट बघायला हवं. उद्या.

१२ फेब्रुवारी

एल्विसचे अकरा आठवडे १९५६ चे. मग छत्तीस वर्षं तो आकडा कोणी ओलांडला नाही. आणि १९९२ मध्ये बॉइझ टू मेनचे तेरा, लगेच व्हिटनीचे चौदा, १९९५-९६ मध्ये माराया कॅरीबरोबर बॉइझ टू मेनचे सोळा. लोकांची गाण्यांवरची माया एकाएकी वाढली का? मोजणी बदलली.

त्याआधी 'बिलबोर्ड'चे लोक दुकानांना फोन करून विचारायचे, काय चाललंय? दुकानदार क्रमाने नावं सांगायचा. किती नग, हे नाही. ज्याचा साठा संपवायचा त्याचं नाव वर ढकलणं सोपं. जे गाणं महिनाभर पहिलं आहे त्याचा कंटाळा दुकानदारालाच आधी यायचा आणि तो पुढचं नाव सांगायचा. कंपन्यांनाही तेच सोयीचं होतं: या आठवड्यात तुमचं, पुढच्या आठवड्यात आमचं.

साउंडस्कॅन या यंत्रणेने गल्ल्यावर वाचलेल्या बारकोडवरून नग मोजले. अल्बमच्या यादीत ती मे १९९१ मध्ये आली, हॉट हंड्रेडमध्ये ३० नोव्हेंबर १९९१ ला. रेडिओवरचं वाजणंही आता संगणक आवाजाच्या खुणेवरून ओळखू लागला, स्टेशनच्या माणसाला विचारायची गरज उरली नाही. लगेच उघडं पडलं की रॅप आणि कंट्री यांचा खप आजवर दाबून सांगितला जात होता. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम जून १९९१ मध्ये थेट दुसऱ्यावर उतरला आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्यावर. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा कंट्री अल्बम सरळ पहिल्यावर उतरला. हे श्रोते एका आठवड्यात पैदा झालेले नव्हते.

म्हणून १९९१ च्या आधीचे आणि नंतरचे 'आठवडे' एका रांगेत लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत. भाची म्हणते, "मग तो रकाना ठेवायचा कशाला?" ठेवायचा, फक्त शेजारी नियमाचं नाव लिहायचं. चौथा तक्ता: 'मोजणीचे नियम', प्रत्येकाला सुरुवातीची तारीख. फेरीच्या प्रत्येक नोंदीला त्यातला एक नियम जोडायचा.

१८ फेब्रुवारी

नव्वदीतलं भोक. या संग्रहातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण, म्हणून सविस्तर.

'टॉर्न' घ्या, नताली इम्ब्रुलियाचं. १९९८ मध्ये अमेरिकेत रेडिओ लावला की हेच. रेडिओवर वाजण्याच्या यादीत अकरा आठवडे पहिलं. हॉट हंड्रेडमध्ये सर्वोच्च क्रमांक: ४२. नवखा माणूस हा आकडा वाचून गाणं आपटलं असंच म्हणेल.

नियम असा होता की हॉट हंड्रेडमध्ये यायचं तर गाणं दुकानात सिंगल म्हणून विकायला असलं पाहिजे. कंपन्यांनी हिशोब केला: एका गाण्यासाठी थोडके पैसे घेण्यापेक्षा सिंगल काढूच नये, ज्याला गाणं हवं तो पूर्ण अल्बम घेईल. परिणाम, देशातली सर्वांत जास्त वाजणारी गाणी देशाच्या मुख्य यादीतून गायब. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' रेडिओ यादीत सोळा आठवडे पहिलं होतं. ग्वेन स्टेफानीचं आपल्याच गटातल्या टोनी कनालशी नातं तुटलं त्यातून ते गाणं आलं, आणि तोच तिच्या शेजारी उभा राहून बेस वाजवत होता. हॉट हंड्रेडमध्ये ते आलंच नाही. आठवं-नववं नव्हे, शंभरावंही नाही. ब्रिटनमध्ये सिंगल निघालं, तिथे पहिलं.

५ डिसेंबर १९९८ ला 'बिलबोर्ड'ने अट काढली. तोवर 'टॉर्न'चा बहर ओसरला होता, म्हणून ४२. गू गू डॉल्सचं 'आयरिस' रेडिओ यादीत अठरा आठवडे पहिलं राहिलेलं. दार उघडलं त्या आठवड्यात ते नवव्या जागी दिसलं, आणि कागदोपत्री तेच त्याचं शिखर.

'टॉर्न'ची पार्श्वभूमीही मोकळ्या मजकुरात लिहून टाकली. अॅन प्रेव्हेन, स्कॉट कटलर आणि फिल थॉर्नली यांची रचना. पहिलं प्रसिद्ध मुद्रण १९९३ चं, तेही डॅनिश भाषेत, लिस सोरेनसनचं. मग १९९५ मध्ये प्रेव्हेन-कटलरच्या स्वतःच्या एडनास्वॅप या गटाचं, बरंच खरखरीत. १९९६ मध्ये ट्राइन राइनचं. इम्ब्रुलियाचं चौथं. ब्रिटनमध्येही ते दुसऱ्यावर थांबलं, पहिलं कधीच नाही. एवढं होऊन विचारा कोणालाही, गाणं तिचंच.

रेडिओ यादीसाठी वेगळी फेरी नोंदवायची सोय केली. मुख्य यादीत जागा नसली तर रकाना रिकामा ठेवायचा नाही, 'नियमाने अपात्र' असं लिहायचं. रिकाम्या जागेचा अर्थ 'चाललं नाही' असा होतो, आणि इथे तो साफ खोटा.

२ मार्च

'द ट्विस्ट'. मूळ हँक बॅलार्डचं, १९५९, मागची बाजू (पुन्हा!). चबी चेकरने गायलेलं सप्टेंबर १९६० मध्ये पहिलं. पोरांचा नाच मोठ्यांनीही उचलला तेव्हा तेच मुद्रण जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा पहिलं. दोन फेऱ्या, तक्ता खूश.

९ मार्च

नाताळची गाणी. यांनी फेऱ्यांचा तक्ता फुगवला आहे.

'लास्ट ख्रिसमस', व्हॅम, १९८४. जॉर्ज मायकेलने आईवडिलांकडे गेलेला असताना वरच्या खोलीत ते रचलं आणि मुद्रणात सगळी वाद्यं स्वतः वाजवली. पहिला क्रमांक अडवला तो बँड एडच्या दुष्काळनिधीच्या गाण्याने, ज्यात तो स्वतःही गायला होता. व्हॅमने आपल्या गाण्याचं मानधनही त्याच कामाला दिलं. छत्तीस वर्षांनी, १ जानेवारी २०२१ च्या यादीत, ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. जॉर्ज मायकेल २०१६ मध्ये, नाताळच्याच दिवशी वारला होता.

माराया कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' १९९४ चं. अमेरिकेत सिंगल म्हणून विकायला नव्हतं, म्हणजे पुन्हा तेच भोक. नियम सुटल्यावर जानेवारी २००० मध्ये ८३ वं. २१ डिसेंबर २०१९ च्या यादीत पहिलं. ब्रेंडा लीने 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' गायलं १९५८ मध्ये, वय वर्षं तेरा. पहिलं आलं ९ डिसेंबर २०२३ च्या यादीत, वय ७८.

कारण गाण्यात शोधायचं नाही. दुकानाच्या काळात एक तबकडी एकदाच विकत घेतली जायची. पुढच्या नाताळात तीच घरी वाजली तरी मोजणाऱ्याला पत्ता नसायचा. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक वाजणं मोजलं जातं. लोक हे गाणं पूर्वीही दर वर्षी तितकंच ऐकत असतील, आता ते दिसतं एवढंच.

१७ मार्च

स्ट्रीमिंगचे नियम लिहिताना डोकं पिकलं. ब्रिटनपुरतं: जुलै २०१४ पासून शंभर वेळा ऐकणं म्हणजे एक विक्री. जानेवारी २०१७ पासून दीडशे. जुलै २०१८ पासून पैसे भरणाऱ्याचं शंभर, फुकट ऐकणाऱ्याचं सहाशे. नियमांच्या तक्त्यात तीन ओळी.

मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा नवा अल्बम आला तेव्हा त्यातली सोळा गाणी ब्रिटनच्या पहिल्या विसांत होती, नऊ पहिल्या दहांत. अल्बम ऐकणाऱ्याचं प्रत्येक गाणं सिंगलच्या यादीत मोजलं जात होतं. जुलैपासून नियम आला: मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीन गाणी. अमेरिकेत असा लगाम नाही. मे २०२४ मध्ये टेलर स्विफ्टची गाणी पहिल्या चौदाही जागांवर होती. बीटल्सचे पाच आणि हे चौदा यांची तुलना होते तेव्हा मला हसू येतं. १९६४ मध्ये प्रत्येक तबकडीसाठी दुकानात वेगळे पैसे मोजावे लागत होते.

'गंगनम स्टाइल'चंही कार्ड झालं. २०१२ मध्ये यूट्यूबवर जग पालथं घातलं, हॉट हंड्रेडमध्ये सात आठवडे दुसरं. यूट्यूब तेव्हा मोजत नव्हते. काही महिन्यांत मोजू लागले आणि २ मार्च २०१३ च्या यादीत 'हार्लेम शेक' थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. 'गंगनम'वाल्या सायची वेळ चुकली, 'हार्लेम'वाल्या बाउअरची साधली.

२६ मार्च

केट बुश, 'रनिंग अप दॅट हिल'. तिने ठेवलेलं नाव 'अ डील विथ गॉड'. देवाशी सौदा म्हटलं की काही देशांत रेडिओ वाजवणार नाही, असं कंपनीने तिला पटवलं आणि मूळ नाव कंसात गेलं. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसरं, अमेरिकेत तिसावं.

मे २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या पर्वात ते आलं. ब्रिटनचा नियम: तीन वर्षांहून जुन्या गाण्याचं स्ट्रीमिंग निम्म्या मोलाने मोजायचं, म्हणजे नव्यांना वाव राहतो. त्यामुळे १० जूनच्या यादीत हॅरी स्टाइल्सच्या गाण्यापेक्षा जास्त ऐकलं जाऊनही ते दुसरं राहिलं. यादीवाल्यांनी मग त्याला सूट दिली. १७ जूनला पहिलं, ३७ वर्षांनी. अमेरिकेत तिसऱ्यापर्यंत.

गाणं तेच, ऐकणारेही जवळपास तेवढेच. एका आठवड्यात निम्म्या मोलाचं पूर्ण मोल झालं. फेरीच्या नोंदीत नियमासाठी एकच जागा होती, इथे फेरीच्या मधोमध नियम बदलला. भाचीने नियम फेरीऐवजी आठवड्याला जोडला. दोन संध्याकाळी गेल्या तिच्या.

३ एप्रिल

वाद. भाचीने पडद्यावर बटण ठेवलंय: 'सर्वोच्च क्रमांकानुसार लावा'. दाबलं की 'डोन्ट स्पीक'ची अमेरिकेतली नोंद तळाला जाते आणि वीस फोनांवर ठरलेला अल मार्टिनो डोक्यावर. मी म्हटलं, बटण काढ. ती म्हणाली, "मामा, लोक पहिलं तेच दाबणार. नसेल तर स्वतः कागदावर लावतील, आणि तेव्हा तुमचे नियम तिथे नसतील." मुद्दा बिनतोड.

तोड अशी निघाली: बटण राहील, पण आधी यादी आणि नियमाचा काळ निवडावा लागेल. ब्रिटन, १९८३ ते २००४, की गाणी क्रमाने लागतात. दोन काळ एकत्र निवडले तर क्रम लागत नाही, गाणी वर्षांनुसार येतात आणि मधे नियम बदलल्याची तारीख ठळक दिसते.

एक अपवाद तिने करून घेतला आणि तो मलाही मान्य आहे. 'हालेलुया'. डिसेंबर २००८, ब्रिटन: अलेक्झांड्रा बर्क पहिली, जेफ बकली दुसरा, आणि १९८४ मध्ये ते लिहिणारा लेनर्ड कोहेन ३६ वा. तिन्ही मुद्रणं, एकच यादी, एकच आठवडा, एकच नियम. कोहेनच्या अमेरिकी कंपनीने तो अल्बम काढायलाच नकार दिला होता. इथे क्रम बिनधास्त लावावा.

पुढच्या आठवड्यात: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकाच्या दोन फेऱ्या (१९७५, १९९१), अमेरिकेच्या तीन (१९७६, १९९२, २०१८). नियमांच्या तक्त्यात १९७५ च्या नोंदवह्यांची ओळ अजून भरायची आहे.